हद्दवाढ, विभाजन, नवी नगरपंचायत : कायद्यात नेमक्या कोणत्या दुरुस्त्या मागाव्यात?

(चर्चेत प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओढ्यापलीकडे

गावाची किंवा शहराची हद्द बदलायची म्हटलं की आपल्या महाराष्ट्रात तीन कायदे उघडावे लागतात : ग्रामपंचायत अधिनियम १९५८, नगरपरिषद-नगरपंचायत अधिनियम १९६५ आणि महानगरपालिका अधिनियम १९४९. पहिला ग्रामविकास विभागाकडे, बाकी दोन नगरविकासकडे. तिन्हींची पद्धत वेगळी.

प्रकरण असं आहे. एका गट ग्रामपंचायतीत दोन महसुली गावं आणि एक वाडी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे एकूण लोकसंख्या ६८००, सदस्य १५. मुख्य गाव ४१००, ओढ्यापलीकडचं गाव १९०० आणि वाडी अंदाजे ८००. पलीकडचं गाव आणि वाडी यांना मिळून स्वतंत्र ग्रामपंचायत हवी आहे. हे चालू असतानाच शेजारच्या क वर्ग नगरपरिषदेने हद्दवाढीचा प्रस्ताव केलाय. त्यात मुख्य गावाचा फक्त हायवेलगतचा पट्टा घेतलाय, म्हणजे धाबे, गोदामं आणि पेट्रोलपंप. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी मागणीचा निम्मा भाग तिथूनच येतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विभाजनाचा प्रस्ताव कोणत्या वाटेने जातो आणि कुठे अडतो? पट्टा काढून घेण्याच्या प्रस्तावाला हरकत घ्यायची तर कोणत्या मुद्द्यांवर? आणि मुख्य प्रश्न, स्थानिक आमदार आणि दोन्ही विभागांना कायदा दुरुस्तीचं निवेदन द्यायचंय, त्यात काय मागावं? "कायदा कालबाह्य झालाय" एवढंच लिहिलेलं निवेदन फाईलला लागून पडून राहतं, म्हणून कलमानिशी उत्तरं हवी आहेत.

दप्तरी

विभाजनाचं सांगतो. पण आधी एक गोंधळ दूर करायला हवा, निम्मे प्रस्ताव तिथेच फसतात. गावठाण, महसुली गाव आणि ग्रामपंचायतीचं गाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांच्या हद्दी वेगळ्या. गावठाणाची हद्द जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली ठरते. महसुली गाव त्याच संहितेच्या कलम ४ खाली येतं. वाडीला स्वतंत्र सातबारा आणि स्वतंत्र तलाठी दप्तर हवं असेल तर मागणी तिथे करायची. ग्रामपंचायतीचं गाव मात्र घटनेच्या अनुच्छेद २४३(छ) मधल्या अधिसूचनेने आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ ने ठरतं. त्यात एक महसुली गाव चालतं, अनेक गावांचा गट चालतो, वाडीही चालते. म्हणजे तुमच्या वाडीला आधी महसुली गाव करून घ्यायची गरज नाही. लोक उलट्या क्रमाने जातात आणि महसूल खात्यात चार-पाच वर्षं घालवतात.

आता वाट. पंचायतीच्या मासिक सभेचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव दोन्ही लागतात. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तहकूब सभेत गणपूर्तीची अट नसली तरी विभाजनाचा ठराव तहकूब सभेत घेऊ नका. समोरची बाजू पहिली हरकत त्यावरच घेते. ठरावात "विभाजनास मान्यता" एवढंच लिहून भागत नाही. कोणती गावं, कोणत्या वाड्या, मालमत्ता कोणाकडे आणि देणी कोणाकडे, हे सगळं त्यात यायला हवं. तिथून प्रस्ताव गटविकास अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषदेची स्थायी समिती, विभागीय आयुक्त असा चढत जातो आणि शेवटी अधिसूचना निघून राजपत्रात येते. कलम ४(२) प्रमाणे स्थायी समिती आणि संबंधित पंचायत या दोघांशी विचारविनिमय केल्याशिवाय हद्द बदलता येत नाही. दोघांपैकी एकाचा कागद नसेल तर फाईल वरून परत येते.

लोकसंख्येच्या आकड्याकडे लक्ष द्या. लोकसंख्येचे निकष अधिनियमात नाहीत, शासन निर्णयात आहेत. सर्वसाधारण भागात २०००, आदिवासी आणि डोंगरी भागात १०००. तुमचं पलीकडचं गाव एकटं १९०० वर अडकतं, वाडी धरली तर २७०० होतात. म्हणजे सगळा प्रस्ताव वाडीच्या आकड्यावर उभा आहे आणि तुम्ही लिहिलंय "अंदाजे ८००". जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात वाडी वेगळी दिसत नाही, कारण ती महसुली गाव नाही. तो आकडा प्रगणक गटांच्या (जनगणनेत एकेका प्रगणकाला मोजायला दिलेल्या घरांच्या गटांच्या) यादीतून काढावा लागतो. तहसील कार्यालयात २०११ च्या प्रगणक गटांची यादी आणि नजरी (हाताने अंदाजे काढलेले) नकाशे असतात, प्रभाग रचनेसाठी तेच वापरतात. वाडी ज्या गटांत येते त्यांची लोकसंख्या लिहून तहसीलदारांकडून साक्षांकित प्रत घ्या. मतदार यादी जोडून "इतके मतदार म्हणजे इतकी लोकसंख्या" असा हिशोब मांडला तर पहिल्याच छाननीत त्रुटी निघते.

सदस्यसंख्या : १५०० पर्यंत ७, ३००० पर्यंत ९, ४५०० पर्यंत ११, ६००० पर्यंत १३, ७५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७. म्हणजे मुख्य गावाला ११ आणि नव्या पंचायतीला ९. विभाजन चालू मुदतीत झालं तर दोन्हीकडे प्रशासक बसतो, म्हणून अधिसूचना मुदत संपण्याच्या सुमाराला निघेल असं वेळापत्रक धरून प्रस्ताव हलवा.

मोजणी नकाशा

दप्तरींनी वाट सांगितली. मी अधिसूचनेच्या अनुसूचीबद्दल, म्हणजे तिला जोडलेल्या गावं आणि गट क्रमांकांच्या यादीबद्दल लिहितो, कारण पुढची वीस वर्षं भांडण त्या एका पानावरून होतं.

गावं आणि गट क्रमांक लिहिताना "ते" हा शब्द फार जपून वापरा. समजा अनुसूचीत "गट क्र. ११२ ते १४०" असं लिहिलं. एकत्रीकरण योजनेत (जमिनीचे तुकडे जोडून सर्व्हे नंबरांऐवजी नवे गट क्रमांक दिले ती योजना) गट क्रमांक देताना ओढा किंवा रस्ता पाहिलेला असेलच असं नाही. गट १२७ ओढ्याच्या अलीकडे निघतो आणि "ते" या एका शब्दाने तो पलीकडच्या पंचायतीत जातो. तिथल्या घरमालकाला मग दोन्हीकडून घरपट्टीचं बिल येतं, किंवा एकाही पंचायतीकडून दाखला मिळत नाही. म्हणून प्रत्येक गट सुटा लिहा. एकाच गटाचे पोटहिस्से दोन बाजूंना जात असतील तर पोटहिस्सा लिहा आणि त्याचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये द्या. जिथे एकत्रीकरण झालंय तिथे सर्व्हे नंबर आणि गट क्रमांक दोन्ही रकाने ठेवा. जुने खरेदीखत आणि करार सर्व्हे नंबरने बोलतात, आजचा सातबारा गट क्रमांकाने.

ओढा हद्द म्हणून धरायचा असेल तर "ओढ्याने" एवढं पुरत नाही. ओढ्याचा मध्य, डावा काठ की उजवा काठ हे लिहा. ओढ्याचं पात्र स्वतः कोणत्या हद्दीत येतं तेही लिहा. पूल, बंधारा, केटीवेअर (कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा) आणि वाळूचा ठेका हे सगळं पात्रावर ठरतं. पाण्याने प्रवाह बदलला तरी हद्द गाव नकाशावरच्या रेषेने राहील असं एक वाक्य घातलं तर पुढचा वाद टळतो. रस्त्याचंही तसंच. हायवेचा मध्य हद्द धरला तर दुभाजकाच्या एका बाजूचे दिवे एका संस्थेचे आणि दुसऱ्या बाजूचे दुसरीचे होतात. त्यापेक्षा रस्त्याची पूर्ण रुंदी एकाच हद्दीत घालावी.

या सगळ्याला आधार म्हणून भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडून गाव नकाशाची नक्कल घ्या आणि तिच्यावर हद्द लाल शाईने दाखवा. प्रस्तावित हद्दीच्या आतला आणि बाहेरचा गटनिहाय तक्ता जोडा आणि दोन्ही तक्त्यांच्या क्षेत्राची बेरीज गावाच्या एकूण क्षेत्राशी जुळवा. बेरीज जुळली नाही तर एखादा गट राहिलाय किंवा दोनदा आलाय. वन, गायरान आणि औद्योगिक वसाहतीच्या जमिनी या बेरजेत हमखास सुटतात.

कायदा दुरुस्तीत माझी एकच मागणी राहील : अनुसूचीशिवाय आणि साक्षांकित नकाशाशिवाय निघालेली हद्दीची अधिसूचना अंमलात येणार नाही, असं तिन्ही कायद्यांत स्पष्ट लिहा. आज नकाशा जोडणं हे अधिकाऱ्याच्या इच्छेवर आहे.

पंचक्रोशी

हद्दवाढीच्या प्रस्तावावर लिहिते.

नगरपरिषदेची हद्द वाढवायची तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ६ खाली आणि कलम ३ च्या पद्धतीने जावं लागतं. आधी उद्घोषणा निघते. ती राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते, जिल्हाधिकारी कार्यालयात लावली जाते आणि हरकतींसाठी किमान ३० दिवस मिळतात. हरकत लेखी, कारणांसह, जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. पाचशे लोकांच्या सह्यांचं एकच छापील पत्र म्हणजे कागदावर एकच हरकत. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या वीस हरकती जड भरतात, कारण प्रत्येक मुद्द्यावर अभिप्राय लिहावा लागतो.

तुमचा सर्वात पक्का मुद्दा पट्ट्याचाच आहे. अनुच्छेद २४३थ मध्ये नागरी क्षेत्र ठरवताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचं प्रमाण आणि आर्थिक महत्त्व हे सगळं विचारात घ्यायला सांगितलंय. महसूल हा त्यातला एक निकष, एकमेव नव्हे. महसूल देणारा पट्टा उचलायचा आणि त्यावर जगणारं गावठाण मागे ठेवायचं, हे या कसोटीत बसत नाही. हरकतीत नमुना ९ (ग्रामपंचायतीची कर मागणी नोंदवही) मधली मागणी जोडा : पट्ट्यातून किती, उरलेल्या गावातून किती आणि पट्टा गेल्यावर पाणीपुरवठ्याचं वीजबिल व कर्मचाऱ्यांचे पगार कशातून भागणार. बिगरशेती रोजगाराचं प्रमाण जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यातून काढता येतं. घरगुती उद्योग आणि इतर कामगार यांची बेरीज भागिले एकूण काम करणारे. पट्ट्यापुरता हा आकडा कोणाकडेही नसतो, कारण गोषवारा संपूर्ण गावाचा असतो. मग तो प्रस्तावात कुठून आला, हे हरकतीत विचाराच.

आता हद्द बदलल्यानंतरचं. कायदा रेषा कशी ओढायची ते सांगतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोण सोडणार यावर गप्प बसतो. माझ्या मते दुरुस्तीची खरी गरज इथेच आहे.

पुण्याचं पाहा. १९९७ मध्ये ३८ गावं शहरात घेतली, विरोधानंतर त्यातली काही पूर्ण आणि काही अंशतः वगळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली आणि ३० जून २०२१ ला आणखी २३. त्या २३ गावांची हद्द महापालिकेकडे आली तरी नियोजन प्राधिकरण म्हणून काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिलं. म्हणजे घरपट्टी एकाकडे आणि बांधकाम परवानगीचं शुल्क दुसऱ्याकडे. २०१७ च्या अकरातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. सात वर्षांत त्याच घरांनी ग्रामपंचायत, महानगरपालिका आणि नगरपरिषद असे तीन कारभार पाहिले. दर वेळी करआकारणीची नोंदवही बदलली आणि रस्त्याची जबाबदारी नव्याने ठरली.

कल्याण-डोंबिवलीची २७ गावं तर चाळीस वर्षांचा धडा आहेत. १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातली १८ गावं वगळून वेगळी नगरपरिषद करायची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३(३) हद्द बदलण्याआधी महापालिकेशी सल्लामसलत करायला सांगतं आणि ती झालेली नव्हती. गावांना काय हवं होतं यावर न्यायालयाला जावंच लागलं नाही. पद्धतीतली एक पायरी गाळली, तिथेच अधिसूचना कोसळली. तुमच्या निवेदनात हे उदाहरण जरूर घाला.

घरपट्टीबद्दल गावात जी भीती घातली जाते त्यावरही लिहिते. महानगरपालिकेत गेलेल्या ग्रामपंचायत क्षेत्रासाठी कलम १२९-अ आहे. सुरुवातीला जुन्याच दराने कर आणि नंतर दरवर्षी २० टक्क्यांच्या टप्प्याने महापालिकेच्या दरापर्यंत. म्हणजे दुसऱ्या दिवशी चौपट बिल येत नाही. पण पाच-सहा वर्षांनी पूर्ण दर लागतो आणि तोवर ड्रेनेज आलेलं असेलच याची हमी कायदा देत नाही. शहरात गेल्यावर ग्रामीण रोजगार हमीची कामं, ग्रामीण घरकुल आणि पंचायतीला थेट येणारा वित्त आयोगाचा निधी थांबतो. घरकुल यादीत नाव असून हप्ता न मिळालेल्या कुटुंबांचं काय, याला कोणत्याच कायद्यात उत्तर नाही. हद्दवाढीच्या वर्षात सर्वात जास्त नुकसान त्यांचंच होतं.

ओढ्यापलीकडे

ताई, दादा, आभार. प्रगणक गटांचं माहीत नव्हतं, उद्याच तहसीलला अर्ज देतो.

दोन गोष्टी राहिल्या. पाणीयोजनेची विहीर पलीकडच्या गावात आहे आणि टाकी मुख्य गावात. ग्रामपंचायत फुटली तर योजना कोणाची? आणि असं ऐकलं की एका शेजारच्या राज्यात ग्रामपंचायतींची यादी कायद्यालाच जोडलेली आहे, त्यामुळे बदल करायचा तर विधिमंडळातच जावं लागतं. आपल्याकडे तशी मागणी करावी का?

दप्तरी

तेलंगणाने २०१८ च्या पंचायत राज अधिनियमात ते केलं. यादी अनुसूचीत असल्यामुळे एका अधिकाऱ्याच्या सहीने हद्द बदलत नाही, सभागृहात चर्चा होते. मला ती कल्पना पटते. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर जी अधिसूचनांची घाई होते ती यामुळे थांबेल.

विधीप्रारूप

मी त्याच्या विरोधात आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायती २७ हजारांच्या पुढे आहेत. एका वाडीची चूक दुरुस्त करायला दुरुस्ती विधेयक आणायचं, तर ते एकटं कधीच येत नाही. पन्नास गावांच्या गठ्ठ्यात येतं आणि गठ्ठ्यावर चर्चा होत नाही. शिवाय कायद्याने हद्द बदलली की हरकतींचे ३० दिवस आणि पंचायतीशी विचारविनिमय या पायऱ्याच उरत नाहीत, कारण विधिमंडळाला त्या बंधनकारक नाहीत. गावाच्या हातात आज जे हत्यार आहे ते आपणच काढून देऊ. अधिसूचनेची पद्धत ठेवावी आणि तिच्या पायऱ्या पक्क्या कराव्यात.

विहीर आणि टाकीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. विभाजनाच्या ठरावातच "संयुक्त मालमत्ता" म्हणून योजनेची सुटी नोंद करा. विहीर, पंपघर, वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक, उंचावरची टाकी, मुख्य जलवाहिनीची लांबी, नळजोडण्यांची गावनिहाय संख्या. खर्च नळजोडणीच्या प्रमाणात वाटायचा की मीटरच्या, हे ठरवा. वीजजोडणी एका पंचायतीच्या नावावर राहते आणि दुसरी हिस्सा देत नाही, मग थकबाकीने पंप बंद पडतो आणि दोन्ही गावं कोरडी राहतात. म्हणून हिस्सा थकला तर वित्त आयोगाच्या निधीतून परस्पर वळता करण्याची संमती त्याच ठरावात दोन्ही गावांकडून घ्या. अधिसूचनेनंतर अशी संमती मिळत नाही.

आता निवेदन. नवा एकत्रित कायदा मागू नका. दोन विभाग, तीन अधिनियम आणि त्यांखालचे नियम एकत्र करण्याच्या कामात तुमची मागणी दहा वर्षं हरवेल. जागा नेमक्या धरा : १९५८ च्या अधिनियमाचं कलम ४(२), १९६५ चं कलम ३, ६ आणि ३४१-अ (नगरपंचायत स्थापनेचं), १९४९ चं कलम ३(३). निवेदनात प्रत्येक जागी बदलाचा मजकूर लिहून द्या. विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याला टिपणी लिहिताना तयार मजकूर मिळाला तर तो निदान नोंदीवर येतो.

पहिला बदल विचारविनिमयाचा. कल्याणच्या निकालात मुद्दा होता की सल्लामसलत झालीच नाही. त्याहून कठीण प्रश्न पुढे आला. २०२२ पासून कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती होत्या. आयुक्तच प्रशासक असेल तर प्रस्ताव पाठवणारा आणि त्यावर मत देणारा एकच माणूस होतो. म्हणून असं स्पष्टीकरण सुचवा :

"स्पष्टीकरण.— या कलमाच्या प्रयोजनार्थ, विचारविनिमय म्हणजे, प्रस्तावाची प्रत, गटनिहाय अनुसूची, साक्षांकित नकाशा व वित्तीय परिणामांचे विवरणपत्र संबंधित संस्थेस देऊन, त्यावर विशेष सभेत संमत झालेला ठराव प्राप्त करणे. आणि अशी संस्था प्रशासकाच्या नियंत्रणाखाली असेल तेव्हा, बाधित क्षेत्रातील ग्रामसभेचा किंवा, यथास्थिति, मतदारांच्या जाहीर सुनावणीचा अभिप्राय प्राप्त करणे."

त्याला मुदत हवी, नाहीतर संस्था ठरावच करणार नाही. ९० दिवसांत ठराव आला नाही तर विचारविनिमय झाला असं मानावं. ही तरतूद गावाला कधी गैरसोयीची ठरेल हे कबूल, पण मुदतीशिवायचं बंधन कोणतंही सरकार स्वीकारणार नाही.

दुसरा बदल तुमच्या पट्ट्याचा. महसुली गावाचा भाग शहरात घ्यायचा असेल तर उरलेल्या भागाच्या उत्पन्न-खर्चाचं विवरणपत्र उद्घोषणेसोबतच प्रसिद्ध करावं आणि उरलेला भाग ग्रामपंचायतीच्या निकषात बसत नसेल तर अंशतः समावेश करू नये. हे निकष शासन निर्णयातून काढून नियमात आणावेत. शासन निर्णय एका रात्रीत बदलतो, नियमाला निदान पूर्वप्रसिद्धी लागते.

तिसरा बदल हस्तांतरणाचा, पंचक्रोशी ताईंनी म्हटलेला. "नियत दिनांक" ही व्याख्या घाला आणि तो अधिसूचनेपासून किमान १२० दिवसांनंतरचा १ एप्रिल ठेवा, म्हणजे आर्थिक वर्ष मध्येच तुटणार नाही. त्या काळात नमुना ८ (कर आकारणी नोंदवही) आणि ९, जन्म-मृत्यू नोंदवह्या, रोकडवही, बँक खाती, ठेकेदारांची देणी आणि दावे यांची यादी दोन्ही बाजूंच्या सहीने बंद करायची. कर्मचाऱ्यांची यादी मात्र उद्घोषणेच्या तारखेलाच गोठवा. हद्दवाढीची चाहूल लागली की पंचायतीत मागच्या तारखेने नेमणुका दाखवल्या जातात आणि नंतर जे खरोखर वीस वर्षं सफाई करत होते त्यांचंही समावेशन चौकशीत अडकतं. घरकुल आणि रोजगार हमीच्या मंजूर यादीतली कुटुंबं कामं पूर्ण होईपर्यंत ग्रामीण योजनेत राहतील अशीही तरतूद मागा. त्यासाठी केंद्राची संमती लागेल, हे निवेदनात लिहून टाका.

चौथा मुद्दा तुमच्या गावाचा नाही, पण निवेदनात असावा. घटनेचा नगरपालिकांचा भाग अनुच्छेद २४३यग मुळे अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. त्यासाठी संसदेचा कायदा लागतो आणि तो अजून झालेला नाही. तरीही मोखाडा, तलासरी, विक्रमगड अशा तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या. तिथे पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा केंद्राचा कायदा) ग्रामसभेचे अधिकार कुठे गेले याचं उत्तर ३४१-अ देत नाही. त्या कलमात अनुसूचित क्षेत्रासाठी ग्रामसभेच्या संमतीची अट घालावी. पेसा नियम २०१४ मध्ये पाड्याला स्वतंत्र गाव घोषित करून घेण्याची स्वतंत्र वाट आहे : निम्म्याहून जास्त मतदारांचा ठराव, प्रांताकडे अर्ज आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय झाला नाही तर घोषणा झाल्याचं मानणं. वेळेत निर्णय न झाल्यास गावाच्या बाजूने पारडं झुकवणारी ही तरतूद साध्या ग्रामपंचायत विभाजनालाही आणता येते. नमुना म्हणून तीच जोडा.

ओढ्यापलीकडे

मजकूर जसाच्या तसा घेतो. प्रस्ताव लगेच दाखल करावा की थांबावं?

विधीप्रारूप

जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी १ जानेवारी २०२६ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत गोठवलेल्या आहेत. शहराची हद्द, महसुली गाव, तालुका यांत त्या काळात बदल करता येत नाही. म्हणजे नगरपरिषदेची हद्दवाढ प्रत्यक्ष अंमलात यायला तोवर वाव नाही. पण उद्घोषणा निघून हरकतींचे ३० दिवस मोजले जाऊ शकतात, तेव्हा राजपत्रावर नजर ठेवा. तुमच्या विभाजनात महसुली गावाची शीव हलत नाही. तरी कार्यालयं या काळात फाईल बाजूला ठेवतात, म्हणून आत्ता फक्त कागद पक्के करा : ठराव, प्रगणक गट, नकाशा, संयुक्त मालमत्तेची यादी. कायदा दुरुस्तीला मात्र गोठवणी आड येत नाही, निवेदन लगेच द्या.

मोजणी नकाशा

एक भर. या जनगणनेत वाडीचा आकडा स्वच्छ निघावा असं वाटत असेल तर आत्ताच तहसीलला लेखी द्या, की प्रगणक गट पाडताना वाडी आणि मुख्य गाव एका गटात मिसळू नये, ओढा ही गटाची हद्द धरावी. २०११ मध्ये एखाद्या गटात वाडीची चाळीस घरं आणि मुख्य गावाची साठ घरं एकत्र असतील तर ८०० चा आकडा कागदावर कधीच सिद्ध होणार नाही. गट पाडून झाल्यावर ते बदलत नाहीत.

पंचक्रोशी

आणि नजरी नकाशाची प्रत मागताना वाडीचं नाव त्यावर लिहिलेलं आहे का ते पाहा. पुष्कळ नकाशांवर वाड्यांची नावं नसतात, नुसती घरांची ठिपक्यांची रांग असते.